पार्किंगचं ई-चलन चुकीचं आलंय? पैसे भरण्याआधी हे वाचा



आजचा विषय धंद्याचाच आहे, फक्त गल्ल्याबाहेरचा. दुकानासमोरच्या रस्त्याचा. माल उतरवायला टेम्पो दहा मिनिटं उभा राहिला आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला: ‘नो पार्किंग, दंड ५०० रुपये.’ असं झालं की बहुतेक दुकानदार दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर चार शिव्या घालून पैसे भरून टाकतात, नाहीतर मेसेज तसाच सोडून देतात. दोन्हीत तोटा आहे. तिसरा रस्ता म्हणजे चलन वाचायचं, ते बरोबर की चूक हे ठरवायचं, आणि चूक असेल तर लेखी तक्रार करायची. हा रस्ता कसा चालायचा ते आज टप्प्याटप्प्याने सांगते.

आधी हिशोब करू

‘पाचशे रुपयांसाठी कोण डोकं लावणार?’ असं तुम्ही म्हणाल. म्हणून आधी आकडे बघा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्यानंतरच्या प्रत्येक गुन्ह्याला १,५०० रुपयांपर्यंत. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. म्हणजे आजचं चुकीचं चलन तुम्ही गुपचूप भरलं, तर ५०० रुपये तर गेलेच, शिवाय पुढच्या वेळी तुमची गाडी ‘पुन्हा गुन्हा करणारी’ म्हणून मोजली जाऊ शकते.

समजा, तुमच्या छोट्या हत्तीला महिन्याला एक चलन आलं. वर्षाचे झाले ५०० अधिक ११ गुणिले १,५००, म्हणजे १७,००० रुपये. तुमच्या मालावर निव्वळ नफा १० टक्के सुटत असेल, तर एवढे पैसे कमवायला १ लाख ७० हजारांची विक्री करावी लागेल. बैंगनवाडीतला छोटा जरीचा कारखाना असो की स्टेशन रोडवरचं किराणा दुकान, एवढी विक्री फुकट घालवणं कुणालाच परवडणारं नाही.

आणि थकवलेलं चलन आपोआप विरून जात नाही. ते गाडीच्या नंबरावर राहतं. गाडी विकायची असेल, दुसऱ्याच्या नावावर करायची असेल, तेव्हा ते समोर येतं. घेणारा आधी ऑनलाइन नंबर टाकून बघतो आणि तेवढे पैसे किमतीतून कापतो.

दंड नक्की कोणी केला?

इथे बरेच जण गोंधळतात. ‘महापालिकेने दंड केला’ असं म्हणून लोक थेट वॉर्ड ऑफिस गाठतात. गोवंडी, देवनार, शिवाजी नगर, मानखुर्द हा सगळा पट्टा महापालिकेच्या एम पूर्व विभागात येतो हे खरं. पण रस्त्यावरच्या नो पार्किंगचं ई-चलन मुंबईत वाहतूक पोलिस करतात. त्याची तक्रार वॉर्ड ऑफिसमध्ये दिली, तर तिथला माणूस तुम्हाला पोलिसांकडे पाठवेल आणि तुमचा अर्धा दिवस जाईल.

महापालिकेचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला, सार्वजनिक वाहनतळ आणि पे अँड पार्क. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने आपल्या ठरावीक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगवर ५ हजारांपासून सुमारे २३ हजारांपर्यंत दंड सुरू केला होता, तेव्हा शहरभर ओरड झाली होती. दुसरा, रस्त्यावर पडून राहिलेली बेवारस वाहनं. जुना टेम्पो महिनोन्‌महिने एकाच जागी उभा असेल तर त्यावर पालिकेची नोटीस चिकटू शकते. या दोन बाबतींत उत्तर वॉर्ड ऑफिसला द्यायचं.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: चलनावर किंवा नोटिशीवर ज्याचं नाव आहे, त्याच्याच दारात जायचं.

लंडनमध्ये पार्किंगचा दंड तिथली स्थानिक कौन्सिल करते. कौन्सिलने तक्रार फेटाळली तर कौन्सिलच्या बाहेरचा स्वतंत्र लवाद ती फुकटात ऐकतो. आपल्याकडे असा मधला लवाद सवयीचा नाही. तुमची पहिली तक्रार दंड करणाऱ्या यंत्रणेकडेच जाते आणि त्यापुढची मोठी पायरी थेट कोर्टाची असते. म्हणूनच आपल्याकडे पहिला अर्ज पक्का असणं जास्त महत्त्वाचं.

टप्पा १ : चलन खरं आहे का?

पैसे भरणं, तक्रार करणं हे नंतर. आधी मेसेज खरा आहे का ते बघा. ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून बँक खातं साफ करण्याचे प्रकार सर्रास चालतात. अशी फाइल कधीच उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी.

खरं चलन बघायचं तर स्वतः महा ट्रॅफिक ई-चलनच्या सरकारी संकेतस्थळावर जा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, ते तपासा. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलनं दिसतात. महा ट्रॅफिक ॲपवरही दिसतात. तिथे चलन नसेल तर तो मेसेज खोटा समजा आणि पुसून टाका.

टप्पा २ : चुकीचं की गैरसोयीचं?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

चलनाचा राग येणं वेगळं आणि चलन चुकीचं असणं वेगळं. ‘जागाच नव्हती’, ‘पाचच मिनिटं थांबलो’, ‘सगळेच तिथे लावतात’, ‘शेजाऱ्याला का नाही केलं?’ ही सगळी गैरसोय आहे. ती खरी आहे. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या कडेला टेम्पो लावून माल उतरवणाऱ्या माणसाला ती रोज सोसावी लागते. पण या कारणांवर चलन रद्द होईल अशी आशा धरू नका.

तक्रारीत जोर येतो तो अशा कारणांनी:

• फोटोतली गाडी तुमची नाही. नंबर चुकीचा वाचला गेलाय, किंवा कुणी तुमच्या नंबरची बनावट पाटी लावून फिरतंय.
• त्या वेळी गाडी दुसरीकडे होती आणि तुमच्याकडे तसा पुरावा आहे.
• फोटोत नंबर, जागा किंवा गुन्हा स्पष्ट दिसतच नाही.
• तिथे नो पार्किंगचा फलक नाही, किंवा फलकावरची वेळ, वार किंवा सम-विषम तारीख वेगळी आहे.
• एकाच थांब्याचं चलन दोनदा आलंय.
• पहिलाच गुन्हा असताना दुसऱ्या गुन्ह्याचा दर लावलाय.
• गाडी बंद पडली होती आणि मेकॅनिकचं किंवा टोइंगचं बिल आहे.
• गाडी त्याआधीच विकून रीतसर दुसऱ्याच्या नावावर झाली आहे.

फलकाच्या मुद्द्यावर एक सावधगिरी घ्या. ‘फलक नव्हता’ हे प्रत्येक वेळी चालत नाही. फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बस स्टॉपजवळ, शाळा-हॉस्पिटलच्या दारासमोर किंवा दुसऱ्याचा रस्ता अडवून गाडी लावायला २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांनीच मनाई आहे. तिथे फलक असायची गरज नाही. फोटोत तुमची दोन चाकं फुटपाथवर दिसत असतील तर वाद घालू नका. पैसे भरा आणि पुढच्या खेपेसाठी दुसरी जागा शोधा.

टप्पा ३ : त्याच दिवशी पुरावा धरा

पार्किंगच्या वादात पुरावा दुधासारखा नासतो. आज नसलेला फलक पुढच्या आठवड्यात लागू शकतो. दुकानाच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून चलन दिसलं त्याच दिवशी एवढं करा:

• चलनाचा आणि त्यावरच्या फोटोचा स्क्रीनशॉट. चलन क्रमांक, तारीख, वेळ, जागा, लावलेलं कलम, सगळं दिसलं पाहिजे.
• त्या जागेचे दोन्ही बाजूंनी फोटो, साधारण ५० पावलं इकडे आणि ५० पावलं तिकडे. तारीख-वेळ आणि लोकेशन छापणारं कॅमेरा ॲप फुकट मिळतं, ते वापरा.
• गाडी दुसरीकडे होती तर फास्टॅगची नोंद, पेट्रोल पंपाची पावती, पार्किंगची पावती, माल दिल्याची सही असलेलं बिल.
• सीसीटीव्हीचा तेवढा तुकडा पेन ड्राइव्हवर. मूळ रेकॉर्डिंग शक्य तितके दिवस ठेवा.

प्रकरण कोर्टात गेलंच, तर फोटो-व्हिडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याची तरतूद आहे. आत्ता त्याची धावपळ नको, पण मूळ फाइल डिलीट करू नका.

पोलिसांच्या बाजूच्या पुराव्यालाही नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या उपकरणाने पकडलेल्या गुन्ह्याच्या चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेल्या कलमाचा उल्लेख हवा, असं त्यात आहे. गुन्ह्यानंतर १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायची आणि चलन निकाली निघेपर्यंत नोंद जपायची, हेही त्यात आहे. तुमचं चलन या कसोटीवर तपासा.

अजून एक. जुलै २०२५ मध्ये, माल वाहतूकदार ई-चलनांविरुद्ध संपावर उतरले होते त्याच सुमारास, राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयाने आदेश काढला. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने त्यावरून चलन करू नये, असा तो आदेश आहे. असं झाल्याची तुमची ठोस माहिती असेल तर तक्रारीत लिहा. नुसता संशय असेल तर लिहू नका, त्याने बाकीचे चांगले मुद्देही पातळ होतात.

टप्पा ४ : पैसे भरण्याआधी तक्रार

हा क्रम बदलू नका. चलनाची रक्कम भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड, कलम २०० खालची. तडजोड झाली की ते प्रकरण तिथेच मिटलं. ‘आधी भरतो, मग भांडतो’ हे इथे जमत नाही.

महा ट्रॅफिक ॲपवर लॉगिन करून तक्रारीच्या भागात चलन निवडा, कारण लिहा, फोटो जोडा. तक्रार क्रमांक मिळाला की स्क्रीनशॉट काढून ठेवा. सोबत तोच अर्ज कागदावर दोन प्रतींत काढा आणि तुमच्या भागाच्या वाहतूक पोलिस चौकीत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका. व्यापाऱ्याला ‘पोच’ काय असते हे मी सांगायला नको!

आणि मुदतीचं बघा. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून चलनावर किंवा नोटिशीवर जी मुदत छापली आहे तीच पाळा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

अर्ज कसा असावा? हा नमुना उतरवून घ्या:

‘प्रति, मा. पोलिस उपायुक्त (वाहतूक), मुंबई.
विषय : ई-चलन क्र. ______ रद्द करणेबाबत.
महोदय,
माझ्या वाहन क्र. ______ वर दिनांक ______ रोजी ______ वाजता ______ येथे नो पार्किंगचे ई-चलन झाले आहे. सदर ठिकाणी दोन्ही बाजूंस १०० मीटरपर्यंत नो पार्किंगचा फलक नाही. वाहन फुटपाथवर, वळणावर अथवा कोणाचा मार्ग अडवून उभे नव्हते. त्याच दिवशी काढलेले ४ फोटो सोबत जोडले आहेत. चलनावरील फोटोतही फलक दिसत नाही. तरी सदर चलन तपासून रद्द करावे व निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.
सोबत : चलनाची प्रत, फोटो ४, आरसीची प्रत.
आपला नम्र,’

अर्ज एवढाच. तुमचा कारण वेगळा असेल तर मधली तीन वाक्यं बदला. यात राग नाही, टोमणा नाही, ‘गरीब दुकानदाराला छळता’ हे नाही. वाचणाऱ्याकडे असे ढीगभर अर्ज असतात. एका मिनिटात मुद्दा आणि पुरावा दिसला तर तुमचं काम होण्याची शक्यता वाढते.

बनावट नंबर पाटीचा संशय असेल तर नुसता ऑनलाइन अर्ज पुरेसा नाही. जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तुमच्या गाडीच्या पुढून-मागून काढलेले फोटो जोडा आणि फरक दाखवा: रंग, स्टिकर, पोचा, हौदाची उंची. उद्या त्या गाडीने कुणाला धडक दिली तर पहिला फोन तुम्हाला येईल, म्हणून इथे आळस नको.

टप्पा ५ : तक्रार फेटाळली तर?

उत्तर नकारार्थी आलं तर तीन वाटा आहेत.

पहिली, माहिती अधिकार. त्या रस्त्याच्या तेवढ्या भागावर नो पार्किंगची अधिसूचना आहे का, असेल तर कोणत्या तारखेची, ही माहिती वाहतूक पोलिसांकडून मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमकं विचारा. अधिसूचनाच नाही असं लेखी उत्तर आलं, तर तुमच्या हातात हुकमाचा पत्ता आला.

दुसरी, कोर्ट. चलनाची तडजोड करण्याची सक्ती नसते. ‘मला गुन्हा मान्य नाही’ म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. समन्स आलं की त्यावर लिहिलेल्या कोर्टात त्या तारखेला हजर राहायचं, आपले कागद घेऊन. आपली बाजू स्वतः मांडता येते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. माझ्या उद्योजिका मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. पण कोर्टात तारखा पडतात आणि दुकान बंद ठेवावं लागतं. एका दिवसाची तुमची कमाई किती, हे मांडून मगच ठरवा.

तिसरी, लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत चलनंही घेतली जातात. पण ही जागा तडजोडीची आहे, चलन चुकीचं ठरवून घेण्याची नाही. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. जुनी, बरोबर असलेली चार-पाच चलनं एकदम मिटवायची असतील तर जरूर जा. किती सूट मिळेल याची हमी मात्र कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. ‘पाचशेचं दोनशेत करून देतो’ म्हणणारे एजंट कोर्टाबाहेर भेटतात. पैसे घेतात, पावती देत नाहीत.

कधी भांडायचं, कधी भरायचं?

माझा साधा नियम सांगते. पुरावा हातात असेल तर पहिल्याच चलनाची तक्रार करा, मग रक्कम ५०० का असेना. ऑनलाइन अर्जाला अर्धा तास लागतो आणि तुमच्या गाडीची पाटी कोरी राहते. पुरावा नसेल, फक्त राग असेल, तर भरा आणि धंद्याकडे बघा. कोर्टापर्यंत जायचं ते रक्कम मोठी असेल, चलनं सारखी येत असतील किंवा बनावट नंबरसारखी गंभीर गोष्ट असेल तेव्हाच.

आणि खरी बचत चलन रद्द करण्यात नाही, ते येऊच न देण्यात आहे. माझ्या दुकानात माल उतरवायची वेळ ठरलेली आहे: सकाळी, शटर उघडायच्या आधी, रस्ता मोकळा असतो तेव्हा. ड्रायव्हर गाडीतच बसतो, हमाल माल उतरवतो. दुकानातला मुलगा टेम्पोचे दोन फोटो काढून ‘माल’ नावाच्या ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर तारीख-वेळ आपोआप पडते. बिलाची नोंद आणि पुरावा, एका कामात दोन्ही होतं.

अजून एक काम संघटनेने करायचं आहे. एकटा दुकानदार एका चलनाविरुद्ध अर्ज करतो, पण गल्लीतले वीस दुकानदार मिळून वाहतूक पोलिस आणि वॉर्ड ऑफिसला ‘आम्हाला सकाळी माल उतरवायची ठरलेली वेळ आणि जागा द्या’ असा अर्ज करू शकतात. रस्त्यावर कुठे, कोणत्या वेळी गाडी उभी करायची हे ठरवण्याचे अधिकार मोटार वाहन कायद्यातच आहेत, कलम ११५ ते ११७ बघा. कुणी मागितलंच नाही, तर देणार कोण?

आजचा गृहपाठ सोपा आहे. जेवण झालं की तुमच्या प्रत्येक गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाका. जेवढी चलनं दिसतील ती वहीत तीन रकान्यांत मांडा: तारीख, जागा, आणि ‘बरोबर की चुकीचं’. बरोबर असलेली भरायच्या यादीत टाका. चुकीच्या चलनांचे अर्ज उद्या दुकान उघडायच्या आधी करा.

भेटू पुढच्या लेखात. धंदा जोरात चालू द्या, आणि कागद जपून ठेवा!